फुटबॉल एजंटचा परवाना मिळाल्यावर: पहिल्या करारापर्यंत कामाचा क्रम

फिफाची एजंट परीक्षा नुकतीच पास झालेली माणसं मला भेटतात तेव्हा पहिला प्रश्न बहुतेक एकच असतो. "माझ्याकडे एक चांगला खेळाडू आहे, कोणत्या क्लबला पाठवू?" मी उलट विचारतो, "त्याच्याशी लेखी करार झालाय का?" त्यावर उत्तर येतं, "तो आपलाच आहे, तोंडी ठरलंय."

इथेच घोडं अडतं. क्लबला फोन आधी आणि कागद नंतर, असा उलटा क्रम लावल्यामुळे चांगल्या माणसांचं पहिलं वर्ष वाया जातं, आणि कधी कधी परवानाही अडचणीत येतो. म्हणून खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. एखादा टप्पा कंटाळवाणा वाटला तरी गाळू नका.

टप्पा 1: आधी स्वतःचे कागद

परवाना व्यक्तीला मिळतो, कंपनीला नाही. तो दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही की कुणाला वापरायला देता येत नाही. तुम्ही एजन्सी काढू शकता, माणसं कामाला ठेवू शकता. पण परवाना नसलेला भागीदार, भाऊ किंवा मित्र तुमच्या वतीने खेळाडू गाठू शकत नाही आणि क्लबशी बोलणीही करू शकत नाही. त्याने व्हिडिओ कापावेत, हिशेब ठेवावा, प्रवासाचं बघावं. "जरा तूच बोलून घे" हे वाक्य त्याला कधीही म्हणू नका.

परवान्याला मुदत नसते, पण तो टिकवावा लागतो. वार्षिक शुल्क वेळेत भरायचं आणि फिफाने ठरवलेलं दरवर्षीचं प्रशिक्षण पूर्ण करायचं. यातलं काहीही राहिलं तर परवाना स्थगित होतो, आणि नेमका ट्रान्सफर विंडोच्या (खेळाडू क्लब बदलू शकतात त्या ठरावीक काळाच्या) तोंडावर स्थगित झाला तर हातातला व्यवहार गेलाच म्हणून समजा. दोन्ही तारखा आजच कॅलेंडरमध्ये घाला, महिनाभर आधीच्या आठवणीसह.

नियमावल्या दोन वाचायच्या. सीमेपलीकडच्या व्यवहारांना फिफाची एजंट नियमावली लागू होते, देशांतर्गत व्यवहारांना तुमच्या राष्ट्रीय महासंघाची. दोन्ही सारख्याच असतील असं गृहीत धरू नका. व्यवसायाची नोंदणी आणि कर यांसाठी स्थानिक हिशेबनीस पहिल्या पावतीच्या आधी गाठा.

*तपासून घ्या:* तुम्ही एखाद्या क्लबचे, लीगचे किंवा महासंघाचे कर्मचारी वा पदाधिकारी आहात का? क्लबच्या अकादमीत प्रशिक्षकाची नोकरी चालू आहे का? बेटिंग कंपनीत काही हितसंबंध आहेत का? एकाचंही उत्तर 'हो' असेल तर तो प्रश्न आधी मिटवा. नोकरी आणि एजंटगिरी सोबत चालत नाही.

टप्पा 2: शेत छोटं ठेवा

नवा एजंट सगळ्या लीग, मैदानावरच्या सगळ्या जागा, सगळी वयं यांच्या मागे धावतो आणि कुणालाच त्याचं नाव लक्षात राहत नाही. एक लीग आणि तिच्या खालची एक पातळी निवडा. त्यातही वयोगट ठरवा. 19 ते 23 हा सुरुवातीला बरा, कारण बहुतेक जण सज्ञान असतात आणि पहिली मोठी उडी त्यांना अजून मारायची असते.

मग एक तक्ता बनवा. खेळाडूचं नाव, जन्मतारीख, जागा, पाय डावा की उजवा, या हंगामात खेळलेली मिनिटं, क्लबशी करार कधी संपतो, सध्याचा एजंट कोण. त्याच्याशेजारी दुसरा तक्ता क्लबांचा. कोणत्या जागेवर त्यांच्याकडे एकच खेळाडू आहे, कुणाचं वय वाढलंय, कोण उसना आलाय आणि हंगामाअखेर परत जाणार आहे. पुढे क्लबला फोन लावताना हा दुसरा तक्ताच तुमच्या कामी येतो.

सामने मैदानावर जाऊन बघा. एक सामना, एक खेळाडू, 90 मिनिटं. चेंडू कुठेही असो, नजर त्याच्यावर. चेंडू गमावल्यावर पहिली तीन पावलं तो पुढे टाकतो की हात वर करून उभा राहतो? बदली झाल्यावर बाकावर बसताना दुसऱ्यांशी कसा वागतो? मी एका मधल्या फळीतल्या मुलाकडे वळलो तो त्याच्या पासमुळे नाही. वॉर्म-अपमध्ये प्रत्येक वेळी चेंडू घेण्याआधी तो मान वळवून मागे बघायचा, समोर कुणी प्रतिस्पर्धी नसतानाही. ही सवय तीन मिनिटांच्या व्हिडिओत दिसत नाही.

टप्पा 3: खेळाडूला गाठण्याआधी चार प्रश्न

पहिला, त्याचा दुसऱ्या एजंटशी एकमेव प्रतिनिधित्वाचा करार आहे का? असेल तर त्या कराराचे शेवटचे दोन महिने सोडून इतर काळात तुम्ही त्याला गाठू शकत नाही. 'नुसतं कॉफीला भेटलो' हेही गाठणंच. खेळाडू स्वतः "माझा कुणी एजंट नाही" म्हणाला तरी तेवढ्यावर थांबू नका. अनेकांनी कधी काळी कशावर तरी सही केलेली असते आणि ते विसरलेले असतात. तसं लेखी मागा.

दुसरा, वय. खेळाडू अल्पवयीन असेल तर त्या देशाच्या कायद्यानुसार पहिला व्यावसायिक करार ज्या वयात करता येतो, त्या वयाच्या सहा महिने आधीपर्यंत त्याला किंवा त्याच्या घरच्यांना गाठता येत नाही. त्यानंतरही पालकांची लेखी संमती आधी हवी, आणि अल्पवयीनांचं प्रतिनिधित्व करण्यासाठी फिफाने नेमलेला अभ्यासक्रम तुम्ही पूर्ण केलेला हवा. मुलाचा व्यावसायिक करार होत नसेल तर त्याच्या कामाची फी घेता येत नाही.

तिसरा, क्लबशी त्याचा करार किती उरलाय? शेवटचे सहा महिने उरले असतील तर तो दुसऱ्या क्लबशी पुढचा करार करू शकतो. त्याआधी हलायचं असेल तर सध्याच्या क्लबची संमती लागणार. चालू करार मोडायला खेळाडूला फूस लावणं हा एजंटसाठी सरळसरळ नियमभंग आहे.

चौथा, त्याला नेमकं काय हवंय? पैसा, खेळायला मिळणं, की घराजवळ राहणं? हे त्याच्या तोंडून ऐकायचं असतं, म्हणून पुढचा टप्पा.

*सावध:* सोळा वर्षांच्या मुलाला परदेशी क्लबच्या 'ट्रायल'ची स्वप्नं दाखवू नका. 18 वर्षांखालच्या खेळाडूंची आंतरराष्ट्रीय ट्रान्सफर मुळातच मना आहे, मोजके अपवाद सोडून. या एका गोष्टीत घाई केल्याने कुटुंबं कर्जात बुडालेली मी जवळून पाहिली आहेत.

टप्पा 4: पहिली भेट

पहिल्या भेटीत सही घ्यायची नाही. हा नियम मी स्वतःला घालून घेतला, त्यामागे कारण आहे. सुरुवातीच्या काळात मी एका खेळाडूच्या घरी करार छापूनच घेऊन गेलो होतो. वडील सगळं शांतपणे ऐकत होते. मी पेन काढून कागदावर ठेवलं आणि त्यांनी खुर्ची मागे सरकवली. तेवढीच, वीतभर. त्यानंतर ते एक शब्दही बोलले नाहीत. तो मुलगा दुसऱ्या एजंटकडे गेला आणि मला वाटतं त्याने बरोबरच केलं.

भेटीत तुम्ही कमी बोला. त्याच्या सध्याच्या कराराची प्रत बघायला मागा. बऱ्याच खेळाडूंना आपल्या करारातली मुदतवाढीची अट किंवा ट्रान्सफरची ठरलेली रक्कम माहीत नसते. ते कलम त्याला वाचून, समजावून दिलंत तर तुमच्या कामाचा नमुना त्याने पाहिला. क्लबांची नावं फेकू नका. "अमुक क्लबमध्ये माझी ओळख आहे" हे वाक्य प्रत्येक एजंट म्हणतो, आणि खेळाडू ते सहा महिने लक्षात ठेवतो.

टप्पा 5: प्रतिनिधित्व करार

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. इंटरनेटवरून उचललेला जुना नमुना, वर नाव बदललेलं, खाली सही. तसं करू नका. क्रम असा ठेवा.

1. कराराचा मसुदा खेळाडूला निदान आठवडाभर आधी, त्याला नीट वाचता येईल त्या भाषेत द्या.

2. सहीआधी त्याला लेखी कळवा की त्याने स्वतंत्र वकिलाचा सल्ला घेण्याचा विचार करावा. मग त्याच्याकडून लेखी घ्या की सल्ला घेतला, किंवा घ्यायचा नाही असं ठरवलं. हा एक कागद नवे एजंट हमखास विसरतात. वाद झाला की समोरचा वकील पहिला हाच मागतो.

3. करारात निदान एवढं हवं: दोन्ही पक्षांची नावं, मुदत, फी किती, कोणत्या सेवा देणार, आणि सह्या. मी यात परवाना क्रमांक, पासपोर्टवर आहे तसंच नाव आणि प्रत्येक पानावर आद्याक्षरं घालतो.

4. खेळाडूशी कराराची मुदत जास्तीत जास्त दोन वर्षं. 'आपोआप नूतनीकरण' असं कलम चालत नाही. पुढे चालू ठेवायचं तर नवा करार, नवी सही.

5. 'एजंटशिवाय खेळाडूने स्वतः क्लबशी करार केला तर दंड' असलं कलम घालू नका. एकमेव प्रतिनिधित्वाच्या करारातही असं कलम रद्दबातल ठरतं. नमुन्यांमध्ये ते सर्रास सापडतं, म्हणून मुद्दाम सांगतोय.

6. सही झाल्यापासून 14 दिवसांच्या आत करार फिफाच्या एजंट प्लॅटफॉर्मवर चढवा. त्याच संध्याकाळी चढवलात तर उत्तम.

फीबद्दल थोडं सविस्तर. फिफाच्या नियमावलीत मर्यादा अशा लिहिल्या आहेत: खेळाडूच्या किंवा त्याला घेणाऱ्या क्लबच्या वतीने काम केलंत तर वर्षाला 2,00,000 डॉलरपर्यंतच्या मोबदल्यावर 5 टक्के, त्यावरच्या रकमेवर 3 टक्के. दोघांच्याही वतीने केलंत तर 10 आणि 6 टक्के. खेळाडू सोडणाऱ्या क्लबसाठी काम केलंत तर ट्रान्सफरच्या रकमेच्या 10 टक्के. मोबदल्यात पगार, सहीची रक्कम, बोनस येतात. गाडी, घर असल्या सोयी येत नाहीत. युरोपातल्या न्यायालयीन लढ्यामुळे 30 डिसेंबर 2023 रोजी फिफाने या मर्यादांसह काही कलमांना जगभर तात्पुरती स्थगिती दिली. राष्ट्रीय नियम याबाबत वेगळे असू शकतात. म्हणून प्रत्येक सहीच्या दिवशी फिफाचं आणि महासंघाचं ताजं परिपत्रक उघडून बघा आणि त्याची प्रत फाइलला लावा.

माझं मत विचाराल तर नव्या एजंटने स्थगिती असो वा नसो, मर्यादेतच राहावं. वीस वर्षांच्या मुलाकडून 10 टक्के घेऊन मिळणारा पैसा ड्रेसिंग रूममध्ये पसरणाऱ्या एका वाक्याने संपतो.

*सावध:* खेळाडू विकणारा आणि घेणारा असे दोन्ही क्लब, किंवा खेळाडू आणि त्याला सोडणारा क्लब, अशा दोघांचं काम एकाच व्यवहारात घ्यायला होकार देऊ नका. हा हितसंबंधांचा उघड संघर्ष आहे. खेळाडू आणि घेणारा क्लब या जोडीसाठीही दोघांची स्पष्ट लेखी संमती आधी घ्या. आणि भविष्यातल्या ट्रान्सफरच्या रकमेत स्वतःचा वाटा लिहून घेऊ नका. खेळाडूच्या आर्थिक हक्कांवर तिसऱ्याची मालकी 1 मे 2015 पासून बंद आहे.

टप्पा 6: खेळाडूची फाइल

क्लबने "पाठवा" म्हटल्यावर तासाभरात जायला हवं ते सगळं आधी तयार ठेवा. पासपोर्टची प्रत आणि असेल तर दुसरं नागरिकत्व, दुखापतींची खरी नोंद, कराराची स्थिती, सलग दोन हंगामांची मिनिटं.

व्हिडिओ चार-पाच मिनिटांचा. सुरुवातीला संगीत, उडती अक्षरं, तुमचा लोगो काही नको. पहिल्याच सेकंदाला खेळ. प्रत्येक तुकड्यात खेळाडूवर खूण, आणि तुकडा त्या क्षणाच्या पाच सेकंद आधी सुरू झालेला, म्हणजे तो जागेवर कसा आला हे दिसेल. बचावपटूच्या व्हिडिओत हेडर आणि टॅकलइतकंच त्याचं उभं राहणं दाखवा. सोबत दोन पूर्ण सामन्यांची लिंक द्या, त्यातला एक संघ हरलेला असावा. जाणता स्काउट तोच आधी उघडतो.

परदेशी क्लबकडे 23 वर्षांखालचा पुरुष खेळाडू नेत असाल तर एक आकडा तुमच्याकडे तयार हवा, प्रशिक्षण भरपाईचा. 12 ते 21 या वयात ज्या क्लबांनी त्याला घडवलं त्यांना नव्या क्लबने ती द्यायची असते, आणि करार संपून तो मोकळा झाला असला तरी ती लागू शकते. 'फुकट मिळणारा खेळाडू' म्हणून तुम्ही नाव पुढे करता आणि क्लबच्या कायदेशीर विभागाला तीन आठवड्यांनी बिल दिसतं. व्यवहार तिथेच मरतो. मुलगा लहानपणापासून कोणत्या क्लबमध्ये कधी नोंदलेला होता, ते महासंघाकडच्या नोंदीवरून आधीच तपासा.

टप्पा 7: क्लबशी बोलणं

आता फोन. करार हातात आहे, फाइल तयार आहे, क्लबांचा तक्ता समोर आहे.

चाळीस क्लबांना एकच संदेश पाठवू नका. ही मंडळी एकमेकांना ओळखतात, आणि सगळीकडे फिरलेला खेळाडू कुणालाच नको असतो. पाच-सहा क्लब निवडा, जिथे त्या जागेवर खरी गरज आहे. मुख्य प्रशिक्षकाच्या मागे लागण्यापेक्षा भरती बघणाऱ्या माणसाला गाठा, म्हणजे स्पोर्टिंग डायरेक्टर किंवा मुख्य स्काउट. संदेश चार ओळींचा: कोण, कोणत्या जागेवर, करार कधी संपतो, तुमच्याकडे लेखी प्रतिनिधित्व आहे. पाचवी ओळ लिहायचीच तर त्यांच्या संघाबद्दल, जसं की "तुमचा डावा बचावपटू जूनमध्ये परत जातोय".

वेळही बघा. विंडोच्या शेवटच्या आठवड्यात अनोळखी एजंटचा संदेश कुणी वाचत नाही. विंडो उघडण्याच्या दोन-तीन महिने आधी याद्या बनतात, तेव्हा बोला. उत्तर आलं नाही तर दहा दिवसांनी एकदा आठवण करा, त्यानंतर सोडून द्या. नकार आला तर आभार माना आणि कारण विचारा. ते कारण तक्त्यात लिहा.

*तपासून घ्या:* खेळाडू अजून दुसऱ्या क्लबच्या करारात असेल तर बोलणी सुरू करण्याआधी नव्या क्लबने सध्याच्या क्लबला लेखी कळवायचं असतं. तसं कळवलंय का, हे विचारून घ्या.

टप्पा 8: प्रस्तावापासून सहीपर्यंत

"महिन्याला इतके" असं क्लबने सांगितलं की पहिला प्रश्न, करापूर्वी की करानंतर? दुसरा, वर्षाला बारा हप्ते की दहा? तिसरा, कोणत्या चलनात? या तीन उत्तरांशिवाय आकडा खेळाडूला सांगू नका. मग घर, विमानाची तिकिटं, विमा, दुखापतीच्या काळातला पगार, बोनस कधी आणि कशावर, क्लब खालच्या श्रेणीत गेला तर पगाराचं काय.

कराराची मुदत तो लागू झाल्यापासून निदान हंगाम संपेपर्यंत आणि जास्तीत जास्त पाच वर्षं. 18 वर्षांखालच्यांसाठी कमाल तीन. 'वैद्यकीय तपासणीत पास झाला तर' किंवा 'वर्क परमिट मिळालं तर' करार वैध, अशी अट घालता येत नाही. याचा अर्थ तपासणी सहीच्या आधी, नंतर नाही. क्लबने उलट सुचवलं तर थांबा.

अंतिम करारात तुमचं नाव, परवाना क्रमांक, सही आणि तुम्ही कुणाच्या वतीने काम केलंत हे असायला हवं. ते सुटलं तर फी मागताना दात आणि ओठ दोन्ही आपलेच.

खेळाडूने प्रत्येक पान वाचलं का, हे विचारून चालत नाही. "पगार थकला तर तू काय करशील?" असं विचारा. उत्तर देता आलं नाही तर पुन्हा बसा.

टप्पा 9: सहीनंतर

पगाराच्या तारखेनंतर दोन दिवसांनी खेळाडूला एक संदेश: "जमा झाला?" दर महिन्याला. दोन महिन्यांचे पगार थकले तर खेळाडू क्लबला लेखी नोटीस देऊन पूर्ण थकबाकी भरायला निदान 15 दिवस देऊ शकतो, आणि तरीही पैसे आले नाहीत तर त्याला करार मोडण्याचं रास्त कारण मिळतं. ही नोटीस वकिलाकडून आणि पुराव्यासह जावी. रागाच्या भरात सराव बंद करणं किंवा विमान पकडून घरी येणं यामुळे बाजू उलटते, तेव्हा त्याला आधीच समजावून ठेवा.

तुमची फी थकली आणि व्यवहार आंतरराष्ट्रीय असेल तर फिफाच्या फुटबॉल ट्रिब्युनलमधल्या एजंट चेंबरकडे दोन वर्षांच्या आत दाद मागण्याची सोय नियमावलीत लिहिली आहे; ती सध्या चालू आहे का, हे ताज्या परिपत्रकात बघा. तिथे उभं राहताना टप्पा 5 मधली फाइलच तुमचा साक्षीदार.

आणि शेवटची तारीख, जी मी स्वतः एकदा चुकवली होती. प्रतिनिधित्व कराराचे शेवटचे दोन महिने सुरू झाले की दुसरे एजंट तुमच्या खेळाडूला नियमात राहून गाठू शकतात. माझ्या एका खेळाडूला त्या काळात तीन फोन आले, आणि मला ते तिसऱ्या फोननंतर कळलं. आता मी मुदत संपण्याच्या चार महिने आधी खेळाडूसमोर बसतो, दोन वर्षांत काय ठरवलं होतं आणि काय झालं ते कागदावर मांडतो, आणि नवा मसुदा त्याच्याकडे ठेवून निघतो.